पहिल्या दिवसाची साक्ष

२०२० च्या सप्टेंबरात बीएमडब्ल्यूने नवी एम३ सेडान आणि तिची दोन दारांची जोडीदार एम४ कूपे दाखवली, आणि पुढचे कित्येक महिने लोक त्या गाड्यांच्या नाकाबद्दलच बोलत राहिले. बॉनेटच्या काठापासून बम्परच्या तळापर्यंत उतरलेल्या दोन उभ्या जाळ्या, आणि त्यांच्या मधोमध आडवी नंबरप्लेट. साध्या ३ सिरीजची आडवी जाळी जागच्या जागी होती. एम३ला मात्र ४ सिरीजचं तोंड मिळालं. दोन टर्बो लावलेलं तीन लिटरचं सहा सिलिंडर इंजिन, कॉम्पिटिशन आवृत्तीत ५१० पीएस ताकद, ६५० न्यूटन मीटर टॉर्क, शून्यापासून शंभरपर्यंत ३.९ सेकंद, हे सगळं त्या गलक्यात मागे पडलं.

गाड्या प्रत्यक्ष चालवून लिहिलेले लेख आले २०२१ च्या वसंतात. त्यांच्यावरून पुण्यातला एक मामा आणि म्युनिकमध्ये राहणारी त्याची भाची यांच्यात फोनवर वाद जुंपला, तो इथे मांडण्याजोगा आहे. मामाची उभी नोकरी वाहनांच्या चाचणी विभागात झाली. भाची सस्पेन्शनच्या कामात आहे. ब्रिटनमध्ये या गाड्यांची किंमत साधारण ७५ हजार पौंडांपासून सुरू होत होती, तेव्हा विकत घ्यायचा प्रश्न दोघांच्याही मनात नव्हता. मुद्दा एकच होता: अशा पहिल्या परीक्षणांवर विश्वास किती ठेवायचा?

मामाचं उत्तर तयार होतं. "अजिबात नाही. कंपनीने बोलावलं, कंपनीने रस्ता निवडला, कंपनीने टायर निवडले, आणि गाडीत यादीतली प्रत्येक महागडी वस्तू बसवून दिली. एवढं झाल्यावर अर्ध्या दिवसात माणूस पाच तारे देतो. आमच्याकडे एका ब्रेक पॅडवर सही करायला यापेक्षा जास्त दिवस जायचे."

"ब्रेक पॅड किती टिकेल ते अर्ध्या दिवसात नाहीच कळणार," भाची म्हणाली. "पण पहिल्या वळणात पुढची चाकं आत शिरतात की बाहेर ढकलली जातात, ते पहिल्या वळणातच कळतं. त्याला महिना कशाला लागतो? मामा, तू एका माणसाला सगळ्याच गोष्टींचा साक्षीदार करतोयस. त्याने जे पाहिलंय तेवढंच त्याला विचार."

भाचीच्या या उत्तराकडे नीट पाहायला हवं, कारण मोटारींच्या पत्रकारितेची रचनाच तशी आहे. पहिली पायरी म्हणजे पहिली सफर: थोडे तास, ठरलेला मार्ग, मोजमाप जवळपास नाही. दुसरी पायरी सविस्तर रोड टेस्ट. ऑटोकारसारखं १८९५ पासून निघणारं ब्रिटिश साप्ताहिक किंवा अमेरिकेतलं कार अँड ड्रायव्हर अशा वेळी गाडी स्वतःच्या ताब्यात घेतं, वजनकाट्यावर चढवतं, ब्रेक लावल्यावर ती किती मीटरांत थांबते ते मोजतं, आतला आवाज डेसिबलमध्ये नोंदवतं. तिसरी पायरी म्हणजे कित्येक महिने गाडी रोजच्या वापरात ठेवून लिहिलेला अहवाल. वाचणारा घाईत असतो, त्याला तिन्ही लेख सारखेच दिसतात. तिन्हींच्या खाली तारे असतात आणि तिन्हींत गाडी वळणावर तिरकी झाल्याचे फोटो असतात. पहिल्या सफरीच्या लेखात "गाडी दणकट आहे" असं कुणी म्हणालं तर ते वाक्य सोडून द्यावं. "स्टिअरिंग हलकं आहे, रस्त्याचा पत्ता हाताला लागत नाही" असं म्हणालं तर ते जपून ठेवावं.

मामाकडे मात्र एक जुनं प्रकरण होतं, आणि ते बिनतोड होतं.

"२०१४ आठव," तो म्हणाला. "आधीची पिढी, एफ८०. कूपेला एम४ हे नाव पहिल्यांदा तेव्हाच मिळालं. पत्रकारांना कुठे नेलं? पोर्तुगालला, आल्गार्व्हच्या सर्किटवर. ऊन, कोरडं डांबर, तापलेले टायर. सगळे खूश. मग गाड्या इंग्लंडच्या ओल्या, उंचसखल रस्त्यांवर आल्या आणि मागची चाकं अचानक सुटायला लागली. ५५० न्यूटन मीटर टॉर्क, तोही १८५० आरपीएमपासून! पाय जरा जास्त पडला की शेपूट बाहेर. दोन वर्षांनी कंपनीने कॉम्पिटिशन पॅकेज काढलं, स्प्रिंग बदलल्या, डॅम्पर बदलले, डिफरन्शियलचं काम बदललं. मूळ गाडी इतकी छान होती तर हे सगळं कशासाठी?"

भाचीने तो मुद्दा मान्य केला. पण त्याच २०१४ मधली दुसरी बाजूही तिने दाखवली. "त्या गाडीचा आवाज केबिनमधल्या स्पीकरमधून वाढवून सोडला जायचा. तिच्याही आधीच्या पिढीतलं आठ सिलिंडरचं इंजिन ८३०० आरपीएमपर्यंत गात जायचं, त्यापुढे हा आवाज कोरडा वाटतो, ही तक्रार पहिल्याच लेखांपासून होती. ती गाडी बंद होईपर्यंत टिकली. मग पहिल्या दिवसाची साक्ष खोटी ठरली का खरी?"

दोन्ही उदाहरणं खरी आहेत आणि ती एकमेकांना छेद देत नाहीत. आवाज रस्त्यावर अवलंबून नसतो. ओल्या रस्त्यावरची पकड रस्त्यावरच अवलंबून असते. पोर्तुगालमध्ये जे तपासलंच गेलं नाही, त्याचं प्रमाणपत्र वाचकाने मनातल्या मनात देऊन टाकलं, आणि त्यासाठी एकट्या पत्रकारांना दोष देता येणार नाही. लेखात कुठेतरी "कोरड्या सर्किटवर" असे शब्द होते. ते शब्द ताऱ्यांपेक्षा महत्त्वाचे होते.

२०२१ च्या लेखांत बहुतेकांचं एका गोष्टीवर एकमत होतं: नव्या गाडीचं पुढचं टोक विलक्षण घट्ट पकडतं. या एकमताला यांत्रिक कारण आहे आणि ते भाचीनेच मामाला सांगितलं. नव्या कॉम्पिटिशनच्या पुढच्या चाकांवर २७५ मिलिमीटर रुंदीचे टायर आहेत. एफ८०च्या मागच्या चाकांवर एवढेच रुंद टायर होते. म्हणजे जुन्या गाडीची ताकद पेलणारा टायर आता नव्या गाडीत वळण घेतो. त्याच्या जोडीला बॉडीला जागोजागी दिलेले जादा आधार, आणि दहा टप्प्यांत कमी-जास्त करता येणारं ट्रॅक्शन कंट्रोल. ज्याला मागची चाकं किती घसरू द्यायची ते स्वतः ठरवायचंय, त्याला पायरी पायरीने खाली उतरता येतं. हे सर्किटवर दहा मिनिटांत अनुभवता येतं, आणि त्यामुळे पहिल्या लेखांनी ते बरोबर टिपलं.

मतभेद होते ते वेगळ्या ठिकाणी. आधीच्या पिढीतला दोन क्लचचा गिअरबॉक्स जाऊन आठ गिअरचा नेहमीचा ऑटोमॅटिक आला होता. शहरात तो मऊ चालतो म्हणून काहींना आवडला, तर खालच्या गिअरला येतानाचा जुना झटका गेल्याची काहींना रुखरुख होती. सहा गिअरचा मॅन्युअल ४८० पीएसच्या मूळ आवृत्तीत अमेरिकेला मिळाला, ब्रिटनला मिळालाच नाही. त्यामुळे दोन देशांतल्या परीक्षकांनी एकाच नावाच्या वेगळ्या गाड्या चालवल्या होत्या. ऐच्छिक कार्बन सीटवर दोन मांड्यांच्या मध्ये एक उंच, कडक भाग येतो. सर्किटवर तो अंगाला धरून ठेवतो, ऑफिसच्या कपड्यांत चढता-उतरताना अडतो. सीटबद्दल काय लिहिलं गेलं हे लिहिणाऱ्याने तो दिवस कुठे घालवला यावर बरंचसं ठरलं.

"बघ, इथेच माझं म्हणणं आहे," भाची म्हणाली. "दहा लेख एकत्र ठेव. जिथे सगळे एकच सांगतायत तिथे गाडी बोलतेय. जिथे ते भांडतायत तिथे रस्ता, देश, नाहीतर लिहिणाऱ्याची पाठ बोलतेय. दोन्ही माहितीच आहे."

"आणि सगळेच एका सुरात चुकले तर?" मामाने विचारलं. "वजनाचं काय?"

वजनाच्या बाबतीत मामा हटायला तयार नव्हता आणि त्याच्या हाती आकडे होते. १९८६ मध्ये रस्त्यावर आलेली पहिली एम३, ई३०, साधारण १२०० किलोंची. ती मुळात शर्यतीसाठी जन्मली होती: ग्रुप ए टूरिंग कार स्पर्धेच्या नियमानुसार बारा महिन्यांत ५००० गाड्या तयार झाल्याशिवाय ते मॉडेल मैदानात उतरवता येत नव्हतं, म्हणून ती विक्रीला आली. २००० सालची ई४६ सुमारे १५०० किलो. एफ८० तेवढ्यातच राहिली, १५२०. आणि नवी कॉम्पिटिशन? १७३०.

"एका पिढीत दोनशे किलो," मामा म्हणाला. "म्हणजे दोन धडधाकट माणसं आणि त्यांचं सामान कायमचं गाडीत बसवून ठेवलंय. वळणात ते वजन टायरच ओढणार, उतारावर ते ब्रेकच थोपवणार. टायर रुंद केले म्हणून पकड आली, हे मान्य. पण टायरवर भार वाढवला की त्या प्रमाणात पकड वाढत नाही, हे तुला मी सांगायला नको. रुंद टायर हा वजनावरचा उतारा आहे, आणि त्याचं बिल मालक भरतो."

भाचीने भौतिकशास्त्राशी वाद घातला नाही. तिचं म्हणणं असं, की चालवणाऱ्याला जाणवतं ते काट्यावरचं वजन नसतं. ते वजन कुठे बसलंय, बॉडी किती ताठ आहे आणि डॅम्पर ते किती लवकर आवरतो यावर जाणीव ठरते. बहुतेक परीक्षकांनी नेमकं हेच लिहिलं होतं: कागदावर जड, हातात तशी नाही. मामाला ही पळवाट वाटली. तो म्हणाला, सर्किटवर पाच फेऱ्या मारल्यावर विचार, पंधरा फेऱ्यांनंतर विचार. मग काट्यावरचं वजन पेडलमध्ये जाणवतं.

या मुद्द्यावर कंपनीचीच साक्ष काढता येते. २०२२ मध्ये बीएमडब्ल्यूने एम४ सीएसएल आणली: फक्त हजार गाड्या, ५५० पीएस, मागची सीटच काढून टाकलेली, आणि एम४ कॉम्पिटिशनपेक्षा शंभर किलो हलकी. नुर्बुर्गरिंगच्या पूर्ण नॉर्डश्लायफेवर तिने सात मिनिटं वीस सेकंदांची फेरी नोंदवली. वजनाने फरक पडत नसता तर सर्वांत वेगवान एम४ बनवताना इंजिनियरांनी पहिला हात सीटला घातला नसता. इथे मामा बरोबर होता.

पण त्याच वर्षी दुसरी एक गोष्ट घडली. एम३ची जुनी प्रतिस्पर्धी मर्सिडीज-एएमजी सी६३ नव्या रूपात आली: चार लिटरचं व्ही८ गेलं, त्याच्या जागी दोन लिटरचं चार सिलिंडर इंजिन आणि विजेची मोटर, मिळून ६८० पीएस, आणि वजन २१११ किलो. १७३० किलोंवरून झालेली ओरड आठवत होती त्यांना आता एम३ सडसडीत वाटू लागली. पहिल्या परीक्षणाची खरी मर्यादा मला इथे दिसते. कोऱ्या गाडीची तुलना फक्त मागे जे होऊन गेलं त्याच्याशीच करता येते. पुढे काय येणार हे कुणाला ठाऊक नसतं, आणि गाडीची इतिहासातली जागा निम्मी तरी पुढच्या गाड्यांमुळे ठरते.

टिकाऊपणाचा विषय मामाने शेवटी काढला. ई४६ एम३चं ३४३ पीएसचं इंजिन ८००० आरपीएमपर्यंत चढायचं आणि २००० साली ज्याने ज्याने ते चालवलं त्याने त्याच्यावर जीव ओवाळून टाकला. पुढच्या दोन-तीन वर्षांत त्याच इंजिनाच्या कनेक्टिंग रॉडची बेअरिंगं जाऊ लागली, आणि सुरुवातीच्या वर्षांतल्या गाड्या बोलावून कंपनीला ती बदलून द्यावी लागली. मागच्या सबफ्रेमच्या जोडाशी बॉडीच्या पत्र्याला चिरा जाण्याचा त्रास तर आजही जुनी ई४६ घेणारा माणूस गाडी लिफ्टवर चढवून आधी तपासतो. "एका तरी लेखात होतं का हे?" मामाने विचारलं.

"नव्हतं, आणि असणार कसं?" भाची म्हणाली. "ज्यांनी ते इंजिन बनवलं त्यांनाही तेव्हा माहीत नव्हतं. तू पत्रकाराकडे ज्योतिष मागतोयस."

हा भाग मला तिच्या बाजूने जाताना दिसतो, तरी मामाची हळहळ पटते. लाखो रुपयांची गाडी घेणाऱ्याला सर्वांत जास्त नुकसान ज्या गोष्टीने होतं, तीच गोष्ट पहिल्या परीक्षणात येऊ शकत नाही. मग निदान गाडी घेणाऱ्याने हमीच्या अटी आणि सर्व्हिसचा खर्च तितक्याच बारकाईने वाचावा, जितक्या बारकाईने तो वेगाचे आकडे वाचतो.

नाकाबद्दल दोघांनी फार वेळ घालवला नाही. भाचीने २००१ च्या ७ सिरीजची आठवण दिली. तेव्हाचा डिझाइन प्रमुख ख्रिस बँगल याच्या देखरेखीखाली घडलेल्या त्या गाडीच्या पाठीवरून एवढा संताप उसळला, की त्याला कामावरून काढा म्हणून इंटरनेटवर सह्यांची मोहीम चालली. ती गाडी खपली, आणि तिच्या काही रेषा पुढे इतर कंपन्यांनीही घेतल्या. एम३-एम४च्या जाळीचंही साधारण तेच झालं. शर्यतीतल्या एम४ जीटी३ला तेच तोंड आहे, आणि २०२२ मध्ये शेल्डन व्हान डर लिंडे याने तिच्यावर डीटीएम शर्यतमालिकेचं विजेतेपद मिळवलं, तेव्हा जाळीची चर्चा फारशी कुणी केली नाही.

सेडान घ्यावी की कूपे, यावर पहिल्या लेखांनी जितकं लिहायला हवं होतं तितकं लिहिलं नाही असं मला वाटतं. इंजिन तेच, गिअरबॉक्स तोच, लांबी जवळजवळ सारखी, वजनात पाच-सहा किलोंचा फरक. एम४ किंचित महाग, आणि त्या जादा पैशांत दोन दारं कमी. चालवताना दोघींत फरक सांगणं कठीण आहे, असं दोन्ही चालवलेले लोक सांगतात. मामाला सेडान पटायची: मागे माणसं बसतात, आणि रुंदावलेल्या मागच्या कमानींमुळे चार दारांची गाडीही पुरेशी रुबाबदार दिसते. भाचीला कूपेचं छत आवडायचं आणि तिने त्याला दुसरं कारण दिलं नाही. २०२२ मध्ये कंपनीने एम३ टूरिंग, म्हणजे मागे सामानाची ऐसपैस जागा असलेली गाडी, पहिल्यांदाच विक्रीला आणली, तेव्हा दोघांचंही एका क्षणात एकमत झालं.

भारतात हा पेच फार काळ उरला नाही. इथे फेब्रुवारी २०२२ मध्ये एम४ कॉम्पिटिशन आली, चारही चाकांना ताकद देणाऱ्या एक्सड्राइव्हसह, एक कोटी ४३ लाखांच्या एक्स-शोरूम किमतीला. शंभरचा वेग साडेतीन सेकंदांत. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर मोटारींची वेगमर्यादाच शंभर आहे, म्हणजे टोलनाक्यावरून निघालं की साडेतीन सेकंदांत गाडीचं काम संपलं. म्हणून इथल्या गिऱ्हाइकाला परदेशी सर्किटवरच्या लेखाचा उपयोग आणखी कमी आहे, असं मामाचं ठाम मत. त्याने त्या वर्षी विचारायला आलेल्या ओळखीच्या एका डॉक्टरांना चेन्नईत जुळणी होणारी एम३४०आय सुचवली: ३८७ पीएस, चार दारं, २०२१ मधली सुरुवातीची किंमत ६२ लाख ९० हजार. भाचीने तो सल्ला ऐकून विचारलं, "तू स्वतः चालवलीस का ती?" त्याने चालवली होती, आणि खराब रस्त्यावर मुद्दाम नेली होती.

एक्सड्राइव्हच्या बाबतीत २०२१ च्या वसंतातल्या कित्येकांचा अंदाज चुकला. एम३च्या पुढच्या चाकांनाही ताकद मिळायला लागली की तिची मजा जाणार, असं मागच्या चाकांवर चालणारी आवृत्ती चालवताना अनेकांनी गृहीत धरलं होतं. त्याच वर्षी ती आवृत्ती आली, मागच्या चाकांना झुकतं माप देणारी, आणि स्टॅबिलिटी कंट्रोल बंद केल्यास पूर्णपणे मागच्या चाकांवर आणता येणारी. ओल्या रस्त्यावर तिची बाजू लगेच उजवी ठरली. भाचीने हे मामाला मोकळेपणी सांगितलं: न चालवलेल्या गाडीबद्दलचं परीक्षकाचं मत तिनेही पूर्वी जास्त धरलं होतं.

२०२४ च्या जूनमध्ये नवी एम५ आली, हायब्रिड, ७२७ पीएस, २४३५ किलो. या वेळी फोन मामाने केला. त्याने पहिले लेख आधीच वाचून काढले होते, कुठल्या लेखात गाडी सर्किटवर होती आणि कुठल्या लेखात रस्त्यावर, याच्या दोन वेगळ्या चळती लावल्या होत्या, आणि त्याला एवढंच हवं होतं की म्युनिकजवळच्या एखाद्या पावसाळी रस्त्यावर ती गाडी कुणी चालवली असेल तर भाचीने त्याच्याशी बोलून घ्यावं. तिने विचारलं, नेमकं काय विचारू? "तिसऱ्या वळणानंतर ब्रेकचं पेडल कितपत खाली जातं ते," मामा म्हणाला, "आणि भरलेल्या बॅटरीवर आणि रिकाम्या बॅटरीवर, दोन्ही वेळा."